रविवारची वाचने कशी ऐकावीत

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, बायबलमधले चार उतारे कानावर पडतात: पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनकथेतला उतारा. धर्मगुरू ते आपल्या आवडीने निवडत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, १९६९ साली आलेल्या वाचनग्रंथात तीन वर्षांच्या रविवारांची वाचने ठरवून दिली आहेत. शुभवर्तमाने लिहिणारे चौघे: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. 'अ' वर्ष मत्तयचे, 'ब' मार्कचे, 'क' लूकचे. सनाला तीनने निःशेष भाग गेला की ते 'क' वर्ष. मात्र उपासनेचे वर्ष आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते.

कोणता उतारा कोणत्या उताऱ्याशेजारी ठेवला आहे, इथूनच अर्थ लावायला सुरुवात होते. मार्कचे शुभवर्तमान सर्वांत लहान, अवघे सोळा अध्याय. म्हणून 'ब' वर्षी सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या) सतराव्या ते एकविसाव्या रविवारी योहानचा सहावा अध्याय वाचतात. सतराव्या रविवारी पाच भाकरींचा चमत्कार येतो, आणि पहिले वाचन असते राजांच्या दुसऱ्या ग्रंथातून. तिथे अलीशा या संदेष्ट्यासमोर जवाच्या वीस भाकरी आणि शंभर माणसे. 'एवढ्यांना हे कसे पुरणार?' असे त्याचा सेवक विचारतो. शुभवर्तमानात जवळपास तोच प्रश्न येशूचा शिष्य अंद्रिया विचारतो. दोन्हीकडे सगळे पोटभर जेवतात आणि वर अन्न उरते. पुढच्या रविवारी निर्गम या ग्रंथातला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेले अन्न, येतो, आणि योहानमध्ये लोक स्वतःच मान्न्याचा विषय काढतात. येशू जे करतो ते इस्राएलच्या आठवणीसकट समजून घ्यायचे असते. जुना करार, म्हणजे बायबलचा येशूपूर्वीचा भाग, वगळला, तर उरतो फक्त चमत्कार.

दुसऱ्या वाचनाचे तसे नाही. त्याच काळात सात रविवार नव्या करारातले इफिसकरांस पत्र ओळीने चालू असते. त्याचा शुभवर्तमानाशी संबंध ओढूनताणून जोडायला गेले की प्रवचनाची गाडी हमखास घसरते. आगमनकाळ आणि उपवासकाळात (ईस्टरआधीच्या काळात) मात्र तिन्ही वाचने एका सूत्रात बांधलेली असतात.

प्रतिसाद स्तोत्राच्या जागी एखादे आवडते भक्तिगीत घेण्याची चूकही होते. नियमानुसार ते चालत नाही, आणि नियमामागे चांगले कारण आहे: ते स्तोत्र हेसुद्धा बायबलचेच वाचन आहे, पहिल्या वाचनाला दिलेला प्रतिसाद. शक्यतो ते गावे.

एकेका उताऱ्याचा अर्थ कसा लावावा, याची दिशा १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या 'देई व्हेर्बुम' या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने दिली. त्याचा बारावा परिच्छेद सावकाश वाचण्यासारखा आहे. आधी पाहायचे, लेखकाला काय म्हणायचे होते, आणि त्याने काव्य लिहिले, इतिहास लिहिला की भविष्यवाणी. बायबलच्या पहिल्या ग्रंथाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायात 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' हे पालुपद पुन्हा पुन्हा येते. ती विज्ञानाची नोंदवही नव्हे. सारी सृष्टी देवाची आणि चांगली आहे, ही त्यातली घोषणा आहे. मग तोच उतारा संपूर्ण बायबलच्या, चर्चच्या जिवंत परंपरेच्या आणि श्रद्धेच्या एकसंधतेच्या प्रकाशात पाहायचा. पहिली पायरी गाळली की हवा तो अर्थ शास्त्राच्या तोंडी घातला जातो. दुसरी गाळली की हाती फक्त जुन्या काळाची माहिती राहते. एकच ओळ तोडून वाद जिंकणाऱ्याच्या दोन्ही पायऱ्या सुटलेल्या असतात.

घरी तयारी करायची तर शनिवारी रात्री वीस मिनिटे पुरतात. आधी शुभवर्तमान वाचा, मग पहिले वाचन, आणि दोन्हीत सारखे काय आहे त्यावर पेन्सिलीने खूण करा. मग स्तोत्राचे पालुपद मोठ्याने म्हणा. दुसरे वाचन शेवटी, आणि तेही गेल्या रविवारी जिथे थांबले होते तिथपासून. मधल्या गाळलेल्या ओळीही वाचा. पुष्कळदा प्रवचनात न सुटलेली शंका तिथे सुटते.