शरीर हलतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

शरीररचना शिकवायची आणि तीही रेडिओवर! ना तक्ता, ना सांगाडा. पण तुमचं शरीर तुमच्याजवळ आहे, तेवढं पुरे. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा, तळवा जमिनीकडे ठेवा. डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर, बेटकुळी येते तिथे टेकवा. आता कोपर जागचं न हलवता तळवा वर आकाशाकडे फिरवा, जरा जोरात. बोटांखाली स्नायू टणक झाला ना? तळवा परत खाली वळवा. पडला सैल.

हा बायसेप्स. तक्त्यात याच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच काम लिहिलेलं असतं, कोपर वाकवणं. आत्ता तर कोपर हललंसुद्धा नाही! या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, मनगट आणि कोपर यांच्यामधल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, रेडियसला जोडलेली असते. तळवा खाली असताना ती त्या हाडाला वळसा घालते. स्नायू आकसला की वळसा सुटतो आणि हाड स्वतःभोवती फिरतं. उजव्या हातानं स्क्रू घट्ट आवळताना जोर मिळतो तो इथून.

म्हणून माझा आग्रह असा की स्नायू पाठ करू नका, कामाला लावून ओळखा. प्रौढ माणसाची २०६ हाडं आणि सहाशेच्या वर स्नायू नुसते घोकले तर परीक्षेनंतर विसरायला होतात. आंद्रेआस व्हेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञानं १५४३ मध्ये शवविच्छेदनावर आधारलेला सचित्र ग्रंथ छापला, त्यातली कातडी उतरवलेली माणसंसुद्धा आडवी पडलेली नाहीत. एखाद्या निसर्गदृश्यात ऐटीत उभी आहेत. त्यानंतरच्या तक्त्यांनी मात्र माणसाला सरळ उभं करून थिजवून टाकलं.

आता व्यायामाकडे येऊ. शर्यत सुरू व्हायच्या आधीच, नुसतं रेषेवर उभं राहिलं तरी छातीत ठोके वाढतात. मेंदूनं तयारी सुरू केलेली असते. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं, कसून पळताना वीस लिटर किंवा त्याहून जास्त. खरी गंमत वाटपात आहे. एरवी या रक्ताचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, स्नायूंना मिळतो. जोराच्या व्यायामात तो ८० टक्क्यांवर जातो. पोटातल्या अवयवांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, स्नायूंमधल्या रुंदावतात. स्नायूंमधल्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, गरजेप्रमाणे कशा उघडतात यावरच्या कामासाठी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल पारितोषिक मिळालं.

वजनं उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, दंडाचा घेर मात्र तेवढाच. लोक हिरमुसतात आणि सोडून देतात, नेमकं तेव्हाच. या काळात बदलत असते ती मुख्यतः मज्जासंस्था: एका वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावणं तिला जमू लागतं. तंतू जाड होणं दिसायला वेळ लागतो.

आणि अंग दुखणं? ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. व्यायाम थांबल्यावर तासाभरात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे याच ॲसिडचं शरीरातलं रूप, बहुतेक ओसरलेलं असतं, दुखणं येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग दुखण्याचा दोष लॅक्टेटवर कसा टाकणार? जिने चढण्यापेक्षा उतरण्यानं मांड्या जास्त दुखतात, यात उत्तर आहे. उतरताना मांडीच्या पुढचा स्नायू भार पेलतही असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. अशा ताणलेल्या कामात तंतूंमध्ये बारीक इजा होते, ती भरून येताना दुखतं. सवय झाली की तेच जिने त्रास देत नाहीत.

शेवटी एक प्रयोग सांगतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चौथा हिस्सा, किंबहुना थोडी जास्तच घसरली. व्यायामानं ती परत आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढलेली होती. तरीही तीस वर्षांच्या वयानं त्यांची क्षमता तेवढी खाली आणली नव्हती, जेवढी त्या तीन आठवड्यांच्या लोळण्यानं आणली होती. मग सहा महिने बेताबेतानं व्यायाम करून घेतला, तेव्हा ते विशीतल्या मूळ पातळीच्या आसपास पोहोचले. हृदयाची रक्त फेकण्याची कमाल क्षमता मात्र या सहा महिन्यांत वाढली नव्हती. येणाऱ्या तेवढ्याच रक्तातून स्नायू जास्त ऑक्सिजन काढून घेऊ लागले होते.

नमस्कार.