दार उचलून लावायची वेळ का येते?

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. गॅरेजसमोर उभी जुनी चार दारांची गाडी.)

दार लावताना हात आपसूक हँडलखाली जातो. दार थोडं वर उचललं जातं आणि मग धाडकन ढकललं जातं. जुन्या गाडीच्या मालकाला ही सवय अशी जडते, की दार लटकलंय हे तो विसरूनही जातो.

(दृश्य: दाराच्या कडेची फट, जवळून.)

ही फट बघा. पुढच्या कडेला वर रुंद, खाली अरुंद. दाराची मागची कड खाली आलीय, बॉडीवरची रेघ जुळत नाही. लॉकच्या स्ट्रायकरवर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं त्या बॉडीवरच्या खुंट्यावर, वरच्या बाजूला चकचकीत खाच पडलीय. बिजागरीनं पेलायचं वजन गेली कित्येक वर्षं स्ट्रायकर पेलतोय.

बहुतेक ठिकाणी इलाज एकच होतो. स्ट्रायकर ढिला करायचा, जरा खाली सरकवायचा आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. दार लागतं खरं, पण झीज चालूच राहते. आत पाणी येतं, वारा शिट्टी घालतो, खड्ड्यात दार उघडण्याचीही भीती असते.

(दृश्य: दार अर्धवट उघडं. मिस्त्री मागच्या कडेला धरून ते वर-खाली हलवतोय.)

आधी निदान. मागची कड हलवायची आणि नजर बिजागऱ्यांवर ठेवायची. पिन भोकात हलली, तर पिन आणि बुश (पिनभोवतीची धातूची नळी) झिजलेत. अख्खी बिजागरी पिलरवर, म्हणजे दार टांगलेल्या बॉडीच्या खांबावर सरकली, तर बोल्ट ढिले आहेत. बिजागरीसकट पिलरचा पत्रा आत-बाहेर होत असेल, तर पत्र्याला चीर आहे. हे तीन वेगळे आजार आहेत आणि इलाजही वेगळे.

पिनमधला खेळ, म्हणजे सैलपणा, दाराच्या टोकाला मोठा होतो, त्याचं गणित सोपं आहे. दोन बिजागऱ्यांमध्ये साधारण ३५ सेंटिमीटर अंतर, दाराची लांबी १ मीटर. म्हणजे जवळपास तिप्पट. वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. दोन्हींत अर्धा-अर्धा मिलिमीटर खेळ असला, तर मागची कड ३ मिलिमीटर खाली येते. उद्यमनगरच्या भाषेत, एक सूत!

(दृश्य: दाराच्या तळातून निघणारा गाळ.)

हा गाळ दाराच्या आतला. तळाला पाणी जायला भोकं असतात. ती तुंबली की दारात पाणी साठतं, वजन वाढतं आणि पत्रा आतून सडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या गाडीची ही भोकं पहिल्यांदा तपासावीत. साधी तार घालून मोकळी होतात.

(दृश्य: दाराखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि चिंधी.)

दारात वायरिंग असेल तर बॅटरी काढायची. दार थांबवणाऱ्या पट्टीची पिन काढायची. बिजागरीभोवती पिलरवर खूण करून ठेवायची. स्ट्रायकर पूर्ण काढून बाजूला. तो जागेवर असला की दार त्यावर टेकतं आणि फट खोटी दिसते. बिजागरी एका वेळी एकच सोडवायची, दुसरी दार जागेवर धरून ठेवते. गंजलेल्या पिनला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल. पिनच्या डोक्याखाली दाते असतात, म्हणून पंच नेहमी विरुद्ध टोकाकडून मारायचा.

(दृश्य: लेथ. पिनवरून निघणारी चकाकती कीस.)

या गाड्यांची नवी बिजागरी सहज मिळत नाही. ॲम्बॅसॅडर आणि मारुती ८००, दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. पण उद्यमनगरात लेथ आहे, आणि ऊसपट्ट्यातल्या ऑइल इंजिनांचे भाग घडवत आलेले हातही आहेत. या शहराला बिजागरी फेकून द्यायची गरज नाही.

या बिजागरीची पिन मूळची ८ मिलिमीटरची. व्हर्नियर मधल्या भागात ७.६ दाखवतोय. भोक गोल राहिलेलं नाही, अंडाकृती झालंय. त्यात नुसती नवी पिन घातली तर काही महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून फिरत्या पात्यातलं, म्हणजे बिजागरीच्या दाराबरोबर फिरणाऱ्या भागातलं भोक १० मिलिमीटरला गोल करून घेतलं. गनमेटलचा बुश वळला, बाहेरून १०.०२ ते १०.०३, म्हणजे तो दाबूनच बसतो. दाबला की आतून आकसतो, त्यामुळे ८ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) बुश बसवल्यानंतरच फिरवायचा, आधी नाही. नवी पिन ईएन ८ पोलादाची, बुशमधल्या भागात ७.९६ ते ७.९७. स्थिर पात्यात घट्ट, बुशमध्ये मोकळी. हातानं फिरते, पण हलत नाही.

पात्याची भिंत पातळ असेल तर बुशचा हट्ट नको. भोक साडेआठला रीम करून साडेआठची पिन घालावी.

(दृश्य: पिलरवरची चीर, मग वेल्डिंग.)

पिलरची चीर नुसती वरून वेल्ड केली तर शेजारून पुन्हा फुटते. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक, मग वेल्ड, आणि मागून १६ गेजच्या पत्र्याचं ठिगळ. सीट आणि गालिचा बाहेर काढूनच टॉर्च पेटवायचा.

(दृश्य: दार पुन्हा जागेवर, फटीत पट्टी सरकतेय.)

आता जुळवणी, मागच्या दारापासून. मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला, तो हलणार नाही. मागचं दार त्याला जुळवायचं, पुढचं दार मागच्याला, आणि बोल्टवरचा फेंडर सगळ्यात शेवटी. मागची कड अजून खाली वाटली तर खालच्या बिजागरीमागे अर्ध्या मिलिमीटरची शिम (पातळ पत्री) घालावी, कड दीड मिलिमीटर वर येते. फट सगळीकडे ५ मिलिमीटरच्या आसपास सारखी आली, की बिजागरीचे एम ८, म्हणजे ८ मिलिमीटरचे बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळायचे.

आणि सर्वांत शेवटी स्ट्रायकर. बोल्ट अर्धवट आवळून दार हळू लावायचं. शेवटच्या इंचात दार वर चढलं किंवा खाली बसलं, तर स्ट्रायकर चुकीच्या जागी आहे. रबरात कागदाची पट्टी धरून ओढून बघायची. कुठंही सहज निसटली तर तिथून पाणी येणार. नवं रबर जाड निघालं तर दार बाहेर ढकललं जातं, तो दोष बिजागरीचा नाही.

पिनांना ग्रीस. शे-दोनशे किलोमीटर गाडी फिरल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे, पिलरचा रंग त्यानंतर.