माल काय असतो?

नमस्कार श्रोतेहो.

मी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याचा. दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. शिवाय पाटी तीनदा बदललीय. आधी 'सायबर कॅफे' होतं, मग 'ब्रॉडबँड' आलं, आता 'झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, फायबर नेट' असं जे बसेल ते सगळं लिहिलंय. पाटी रंगवणारा मात्र तोच. मागच्या वेळी विचारत होता, "शेठ, पक्का रंग मारू, की परत यायचंय?"

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. मूळ सातारा जिल्ह्यातले. सिडकोनं कोपरखैरण्यात माथाडी कामगारांसाठी घरं बांधली, त्यातलं एक आमचं. १९९९ साली मी त्यांना म्हणालो, मला इंटरनेटचं दुकान टाकायचंय. आबांनी एकच विचारलं, "त्यात माल काय असतो?" मला धड सांगता आलं नाही. जन्मभर पाठीवर वजन मोजलेला माणूस. ज्याला वजन नाही असा माल कसा विकणार, हे त्यांना कळेना. तरी पतपेढीचं कर्ज त्यांनीच काढून दिलं.

चार कॉम्प्युटर आणि फोनची एकच लाइन, एवढं भांडवल. तेव्हा नेट आपल्याकडे येऊन चारच वर्षं झाली होती. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. सर्वसामान्य म्हणायचं आपलं. वर्षाला २५० तासांचे १५,००० रुपये असा भाव होता, आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. परवान्याचे तीन वर्ग होते, 'अ' अख्ख्या देशासाठी, 'ब' एखाद्या राज्यासाठी किंवा महानगरासाठी, 'क' त्याहून लहान भागासाठी. मी कुठल्याच वर्गात बसत नव्हतो. मी तास विकत घेऊन मिनिटं विकणारा.

आणि मीटर दोन फिरायची. एक नेटच्या तासांचं, दुसरं फोनच्या पल्सचं, म्हणजे लाइन जोडलेली असण्याच्या वेळाचं. गिऱ्हाईक नुसतं स्क्रीनकडे बघत बसलं तरी दोन्ही चालू. लाइन मधेच तुटली की मोडेम पुन्हा किंचाळायला लागायचा आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. पहिल्याच वर्षी रोजच्या बसण्याउठण्यातल्या एका पोरानं माझा पासवर्ड टाइप करताना पाहून ठेवला. घरी बसून माझे जवळजवळ शंभर तास उडवले. पकडला तेव्हा म्हणतो कसा, "दादा, मला वाटलं तुमचं अनलिमिटेड आहे." 'अनलिमिटेड' हा शब्द तेव्हा हॉटेलातल्या थाळीपुरताच होता हो!

१ एप्रिल २००२पासून नेटवरून परदेशात फोन लावायला सरकारनं परवानगी दिली, आणि माझ्या दुकानात पहिल्यांदा बायका आल्या. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा दुबईला होता. दर रविवारी यायच्या, पदर सारखा करून हेडफोन लावायच्या आणि इतक्या मोठ्यानं बोलायच्या की दुबईला तसाच आवाज गेला असता. आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचायचा. दोघं एकदम बोलायची, मग दोघं एकदम गप्प. शेवटी काकूंनी शिस्तच लावली, "आधी तू बोल. मी 'झालं' म्हणेपर्यंत थांब." त्या मुलाचा पगार, खोलीतली ढेकणं, जमत आलेलं आणि फिसकटलेलं लग्न, सगळं त्या वेळी दुकानात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

इथे एक गंमत सांगतो, ती फार जणांना माहीत नसते. त्या काळात कोपरखैरण्यातून पाठवलेलं ईमेल चार-पाच किलोमीटरवरच्या वाशीला जायचं असलं, आणि तिकडचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं असलं, तर पुष्कळदा ते अमेरिकेला जाऊन परत यायचं. देशातल्या कंपन्या एकमेकींना इथल्या इथे जोडलेल्याच नव्हत्या. २००३ साली त्यासाठी 'निक्सी' नावाची संस्था स्थापन झाली, आणि तिचं मुंबईचं केंद्र आलं वाशीलाच. आबांना हे समजावून सांगितलं, तर त्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, "म्हंजे नाशकाचा कांदा दिल्लीला जाऊन वाशीला यायचा म्हण की. आता मधे मार्केट झालं." इंटरनेट एक्स्चेंजची याहून सोपी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

त्याच सुमारास मी सेक्टरातल्या टीव्ही केबलवाल्याशी भागीदारी केली आणि घरोघरी नेट द्यायला लागलो. गच्चीवरून गच्चीवर वायर, जिन्याच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात घरोघरी नेट वाटून देणारा स्विच. प्रत्येक सोसायटीत सेक्रेटरीला कनेक्शन फुकट, हा करारात नसलेला पण सगळ्यात पक्का नियम. वायर उंदीर कुरतडायचे, आणि जूनमधली पहिली वीज कडाडली की निम्मे स्विच जळून जायचे. मी मे महिन्यातच जास्तीचे आणून ठेवायचो, कोकणातले लोक सरपण भरून ठेवतात तसे.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते आपण सगळ्यांनीच सोसलंय, फार सांगत नाही. दुकानात गुडघाभर पाणी होतं. मॉनिटर पोटमाळ्यावर चढवले, पण सीपीयू टेबलाखाली होते आणि ते राहिले. ऊन पडल्यावर आईनं ते उघडून पापडांसारखे चादरीवर वाळत घातले. सहांतले दोन चालू झाले. लगेच भारनियमन आलं. दुकान नेटचं, आणि कमाई इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत. जानेवारी २००८मध्ये तर इजिप्तजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि आपल्याकडचं नेट आठवडाभर रांगायला लागलं. दुकानात येऊन माणसं मला झापत होती. अलेक्झांड्रिया कुठे आहे ते दाखवायला मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला. उपयोग काही झाला नाही. एक जण म्हणाला, "मग माणूस पाठवा ना तिकडे."

कॅफे असा एका दिवसात बंद पडला नाही, तो झिजला. २०११ साली सायबर कॅफेचे नियम आले. प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, नोंदी वर्षभर जपायच्या, आडोसा साडेचार फुटांहून उंच नको. सुतारानं करवतीनं प्लायवूड कापलं आणि प्रेमात पडलेली अर्धी गिऱ्हाइकं त्याच दिवशी गेली. नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. त्या आडोशांमागे काय काय चालायचं ते मला माहीत आहे. उरलेली गिऱ्हाइकं मोबाइलनं नेली. राहिले ते फॉर्म. अकरावीचे प्रवेश २००९पासून ऑनलाइन झाले होते, रेल्वेची तिकिटं होतीच, सरकारी भरती होती. जून महिना घर चालवायचा.

आता जे सांगतो ते अजून नीट सांगता येत नाही. २०१३चा मे महिना. ज्या कंपनीकडून मी बँडविड्थ, म्हणजे घाऊक नेट, घेत होतो, तिचं नाव घेत नाही, तिनं वरच्या कंपनीचे पैसे थकवले होते. माझे पैसे वेळेवर जात होते, पावत्या आजही आहेत. एका सोमवारी सकाळी सगळं बंद. फोन उचलेना कुणी. दुपारी त्यांच्या ऑफिसात गेलो तर शटर खाली, आणि बाहेर माझ्यासारखेच अकरा जण. माझी ४१२ कनेक्शनं होती. बहुतेकांनी तीन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले.

रात्री वही उघडली. नाव, खोली, भरल्याची तारीख. पट्टी घेऊन शेजारी नवा रकाना आखला, 'उरलेले दिवस'. पहाटेपर्यंत ते आकडे मांडले. सकाळी आबा वहीकडे बघून म्हणाले, "लोकं तुझ्या दारात येण्याआधी तू त्येंच्या दारात जा. गाडी उशिरा लागली की आमी व्यापाऱ्याला आधी सांगून येत हुतो." मग मी निघालो. रोज साठ-सत्तर घरं. बेल वाजवायची, वही दाखवायची, म्हणायचं, तुमचे इतके दिवस माझ्याकडे आहेत. पैसे हवे तर पैसे देतो, थांबलात तर दिवस देतो. काहींनी तोंडावर दार लावलं. एका आजींनी पाणी दिलं आणि काळजीनं विचारलं, "मालिका दिसणार ना रे?" त्यांना वाटलं टीव्ही जातोय. घरून शेअरचं काम करणारे एक गृहस्थ इतके भडकले की मी त्यांना माझ्या खिशातून डोंगल आणून दिला. ६१ जणांनी पैसे परत घेतले. त्यासाठी चार कॉम्प्युटर आणि जनरेटर विकला. दहाव्या दिवशी दुसऱ्या कंपनीची लाइन मिळाली. ती वही अजून गल्ल्याखाली आहे.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं, तेही आमच्या शेजारून, घणसोलीतल्या रिलायन्सच्या मोठ्या संकुलातून. डेटा फुकट. दोन महिन्यांत नोटाबंदी. माझा धंदा रोखीचा. त्या हिवाळ्यात मी फायबर टाकायला घेतलं, लोक मला वेड्यात काढत असताना. हिशोब साधा होता. मोबाइलवर नेट चाखलेला माणूस घरात मोठा टीव्ही लावणार, आणि मग त्याला वायर लागणार.

तो हिशोब खरा ठरवायला २०२० उजाडावं लागलं. वाशीचं मार्केट मे महिन्यात आठवडाभर बंद राहिलं, कोपरखैरण्यात गल्लोगल्ली बांबू ठोकलेले. ऑफिस घरात, शाळा घरात. जुलैमध्ये नवी मुंबईत पुन्हा कडक बंद होता, त्यात पावसानं फांदी पडून आमचा फायबर तुटला. पास दाखवून गेलो. स्कूटरची सीट हेच टेबल, पोरानं वरून छत्री धरलेली. फायबर म्हणजे केसाएवढी काच. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं आणि मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. एक थेंब पाणी पडलं की पुन्हा पहिल्यापासून. बारा कोअर, म्हणजे अशा बारा काचा होत्या. मी सातव्यावर असताना पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, नेट आलं का?" म्हटलं, दहा मिनिटं. मागे आईकडे बघून तो आणखी हळू म्हणाला, "अर्ध्या तासानं लावा ना. गणिताचा तास आहे."

आता दुकानात कॉम्प्युटर एकच आहे. २०२४च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज भरायला त्याच्यापुढे एवढी रांग लागली की शेजारच्या चहावाल्यानं कामाला माणूस वाढवला. आधारवर अंगठा लावून बँकेतले पैसेही आम्ही काढून देतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आबाही येतात, मुलाचं दुकान म्हणून मधे घुसत नाहीत, रांगेत उभे राहतात. पण त्यांचा अंगठा लागत नाही. तीस-बत्तीस वर्षं गोणपाट धरून रेषाच गेल्यात. ओल्या फडक्यानं पुसतो, पुन्हा लावतो, मशीन पुन्हा नाही म्हणतं.

परवा चौथ्यांदा नाही म्हणालं. मागे रांग चुळबुळायला लागली. आबांनी अंगठा धोतराला पुसला, वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा वाईच. पोराचं नेट स्लो हाय."