एरिया कोड ६१५ : नॅशव्हिलच्या साथीदारांचा बॅन्ड

१९६६, नॅशव्हिल, अमेरिकेतलं कंट्री संगीताचं गाव. बॉब डिलन स्टुडिओत गाणं लिहितोय, लिहितोय, संपेचना, आणि तासावर पैसे घेणारे वादक रात्रभर पत्ते कुटतायत. पहाटे चारच्या सुमारास हाक आली. ड्रमर केनी बट्रीला वाटलं नेहमीसारखं तीनेक मिनिटांचं असेल, त्याने दोन कडव्यांतच सगळा जोर लावला, आता संपेल मग संपेल करत गाणं चाललं अकरा मिनिटं!

हे साथीदार म्हणजे सगळी मुरलेली मंडळी. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, तीन-तीन तासांची रेकॉर्डिंगची सेशन्स. समोर कागदावर स्वर नाहीत, नुसते आकडे, एक-चार-पाच, पट्टीतल्या कितव्या स्वरावरचा कॉर्ड ते सांगणारे, म्हणजे गायक ऐनवेळी काळी चारवरून पांढरी पाचला गेला तरी कागद तोच. रॉय ऑर्बिसनच्या 'ओ प्रिटी वुमन'मध्ये यातल्याच वेन मॉसची गिटार आहे, पण ते कोणाला माहितीय?

१९६९ ला यातल्या नऊ जणांनी स्वतःचा बॅन्ड काढला. नाव काय, तर एरिया कोड ६१५, गावाचा एसटीडी कोड, बास. बॅन्जो, फिडल, स्टील गिटार असं अस्सल कंट्रीचं सामान आणि खाली बट्रीचे रॉक ड्रम्स, त्यावर बीटल्सची गाणी पण वाजवली, गायन जवळपास नाहीच. ऐकायला भन्नाट, पण दोन अल्बम आले आणि फारसे विकलेच नाहीत. टूरवर जायचं तर रोजची सेशन्स सोडायची, हातचं सोडून पळत्याच्या मागं कोण लागणार, बायकापोरं होती सगळ्यांना. माझ्या मते शहाणपणच केलं त्यांनी.

गंमत म्हणजे बॅन्डमधल्या चार्ली मॅकॉयच्या माउथ ऑर्गनचं 'स्टोन फॉक्स चेस' तिकडं बीबीसीने 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत केलं, ब्रिटनमध्ये घराघरात ऐकलं गेलं, बॅन्ड मात्र १९७१ पर्यंत मोडलाही होता.

मॉसनं मग बेअरफूट जेरी नावाचा बॅन्ड काढला, त्याचा स्टुडिओ म्हणजे घराचं गॅरेज. ६१५ मधल्याच नॉर्बर्ट पुटनम आणि डेव्हिड ब्रिग्ज यांच्या क्वाड्राफॉनिक स्टुडिओत १९७१ ला गायक नील यंग आला, प्रोड्यूसर एलियट मेझर, म्हणजे ६१५चा प्रोड्यूसरच, ड्रम्सवर बट्री. तो 'हार्वेस्ट' अल्बम १९७२ ला अमेरिकेत सगळ्यात जास्त खपला. यंगला एकदम साधा ठेका हवा होता, म्हणाला उजवा हात नकोच, तर बट्री शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून एका हाताने वाजवत बसला.