सारवलेली धावपट्टी

(दृश्य: सकाळ. शेणाच्या पाटीत बुडालेले म्हातारे हात.)

अंगण सारवायला किती लागतं? दोन पाट्या शेण, बादलीभर पाणी, अर्धा तास.

डिसेंबर १९७१मध्ये माधापरच्या बायकांनी धावपट्टी सारवली.

(दृश्य: भुजची धावपट्टी, दुरून.)

हे कच्छमधलं भुज. ८ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी विमानांनी इथे बॉम्ब टाकले. धावपट्टीला खड्डे पडले. विमान उतरेना, उडेना. दुरुस्तीला माणसं पुरत नव्हती. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, जन्माने नागपूरचे. आपल्याकडे ही गोष्ट त्यांच्या नावापासूनच सुरू होते. गावाला हाक मारायचा निर्णय धाडसाचा होता, त्यात वाद नाही. पण घमेली वाहिली ती शेजारच्या माधापरच्या सुमारे ३०० बायकांनी.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

ढिगारा उचलायचा. खड्डे भरायचे. वर सपाट करायचं, कारण वेगात धावणाऱ्या चाकाला छोटा उंचवटाही पुरतो. आणि हे सगळं उघड्या माळावर, जिथे वरून मुंगीसुद्धा दिसावी. म्हणून शेणकाला. काळी पट्टी मातीच्या रंगात मिसळून जावी, वैमानिकाला वरून ओळखू येऊ नये. शेण कसं कालवायचं, किती पातळ, कुठवर हात फिरवायचा, हे या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. वायुदलाच्या कुठल्या प्रशिक्षणात ते असेल, असं वाटत नाही.

(दृश्य: बाभळी, वारा.)

भोंगा वाजला की काम टाकून झुडपांत धावायचं. अंगावर फिकट हिरव्या साड्या, पाल्यात मिसळून जाण्यासाठी. धोका टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा घमेलं. पहिल्या रात्री जेवण मिळालं नाही, उपाशीच झोपल्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळं आणि मिठाई आली.

असे ७२ तास. चौथ्या दिवशी दुपारी चारला इथून विमान उडालं.

(दृश्य: रिकामी धावपट्टी. दहा सेकंद निवेदन नाही.)

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सरकारने बायकांना ५० हजार रुपयांचं बक्षीस दिलं, ते त्यांनी गावच्या कामाला देऊन टाकलं. माधापरात वीरांगना स्मारक उभं राहिलं ते २०१८मध्ये.

(दृश्य: आजी अंगण सारवते आहे. फक्त हाताचा आवाज.)