फूल उभं राहिलं पाहिजे : सांगानेरी छापाचा कळीदार परकर

(दृश्य : छापण्याचं लांब टेबल, वरून)

जयपूरच्या दक्षिणेला, शहराला लागूनच सांगानेर आहे. पांढऱ्या सुती कापडावर बारीक फुलांची बुटी, ही इथल्या छिपा कारागिरांची ओळख. या हातछापाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टेबलावर ताणलेलं हे कापड कळीदार, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा कळ्या जोडून शिवलेल्या, परकराचं आहे, आणि छापणाऱ्याला ते आधीच माहीत असायला हवं. का, ते कात्री लागेल तेव्हा दिसेल.

कोरं कापड आधी रात्रभर भिजतं. त्यातली खळ निघाली नाही तर रंग धाग्यात शिरत नाही. मग ते हिरड्याच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवतात. कापड पिवळसर होतं, आणि पुढचं सगळं या पिवळेपणावर उभं आहे. हिरड्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, लोखंड भेटलं की काळा रंग उमटतो. त्यासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतात आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात. लाल रंगासाठी तुरटी आणि डिंक. तुरटीला स्वतःचा रंग नाही, म्हणून त्यात थोडा गेरू घालतात. तो फक्त छापणाऱ्याला दिसावं म्हणून. धुण्यात निघून जातो.

(दृश्य : ठसा, अगदी जवळून)

ठसा नीट पाहा. शिसवी लाकूड, पाठीवर मूठ, आणि आरपार गेलेली बारीक भोकं. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते. भोकं बुजली की फुलाच्या मध्यावर रंग बसत नाही. पहिला ठसा रेखेचा, म्हणजे फुलाची बाह्यरेषा. मग दत्ता, म्हणजे पाकळ्यांतला भरणा. ठशाच्या कोपऱ्याशी एक ठिपका असतो, पुढचा ठसा त्याच्यावर जुळवायचा. भरणा रेषेबाहेर किंचित डोकावला तर बिघडत नाही, हातछाप तसाच असतो. पण प्रत्येक ठसा एकाच बाजूला सरकत गेला तर अख्खी ओळ तिरकी होते, आणि ती परकरावर लपत नाही.

छापलेलं कापड काही दिवस मुरलं की धुवायचं, तेही वाहत्या पाण्यात. साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या कोऱ्या भागावर, बसते आणि तिथे नंतर लाल डाग उठतात. शेवटी अलिझरिन या लाल रंगद्रव्याच्या उकळत्या भांड्यात तुरटीची फुलं लाल होतात. जमीन स्वच्छ राहावी म्हणून त्यात धायटीची फुलं टाकतात. धुतल्यावरही न जाणारे असे रंग भारतीय छापील कापडांनी युरोपात नेले. तिथले विणकर इतके धास्तावले की १६८६ मध्ये फ्रान्सने या कापडांवर बंदी घातली आणि १७२१ मध्ये इंग्लंडने छापील सुती कापड वापरण्यावरच कायदा आणला.

आज सांगानेरात पिगमेंट रंग आणि स्क्रीन छपाईही भरपूर चालते. त्यात वाईट काही नाही, पण घेणाऱ्याला फरक कळावा. पिगमेंट कापडाच्या वरच्या अंगाला चिकटून राहतो. तो उष्णतेने पक्का केलेला नसेल तर शिवणींवर आणि घड्यांवर आधी उडतो. ओला पांढरा रुमाल घासून पाहा, रंग त्यावर उतरतो का.

(दृश्य : कापणीचं टेबल)

आपल्याकडच्या चिटाच्या परकरासारखा नुसत्या चुण्यांचा परकर असता तर काम सोपं होतं. इथे १५ कळ्या आहेत. प्रत्येक कळी वर पावणेचार इंच, तळाला साडेअकरा, उंची नेफा आणि छाटणी धरून ४०. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. शिवल्यावर वरचा घेर ४१ इंचांच्या थोडा पुढे, तळाचा साधारण ४ मीटर.

४४ इंच पन्ह्यावर एक कळी सुलटी, एक उलटी मांडली तर एका पट्ट्यात ५ बसतात आणि सव्वातीन मीटर कापडात परकर होतो. पण बुटीला देठ असेल तर जवळपास निम्मी फुलं खाली डोकं करून उभी राहतात. सगळ्या कळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर पट्ट्यात ३ च बसतात, म्हणजे सव्वापाच मीटर. म्हणून कापड कमी असेल तर छापतानाच चारी दिशांना तोंड असलेली बुटी निवडावी. देठाची बुटी हवी असेल तर दोन मीटर जास्तीचे घ्यावेत. इथे काटकसर करू नये.

कळीच्या दोन्ही कडा तिरक्या, त्यामुळे त्या ताणल्या जातात. शिवण तळाकडून कमरेकडे मारायची आणि कापड ओढायचं नाही. नेफा घालून परकर एक दिवस टांगून ठेवायचा. तिरकं कापड ओघळतं, घेर खाली-वर होतो. मग जमिनीपासून पट्टीने मोजून छाटायचं. तळ नुसता रुंद दुमडला तर खालची कड मोठी आणि वरची जागा लहान, त्यामुळे चुण्या पडतात. त्याऐवजी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी जोडतात. एकाच दिशेच्या कापणीत कळ्यांमधले जे त्रिकोण उरतात, त्यांतूनच ही पट्टी निघते.