तौक्ते आलं त्या दिवशी

नमस्कार मंडळी. जून तोंडावर आलाय, दुपारी आभाळ भरून येतंय, आणि दरवर्षी या दिवसांत मला हमखास आठवतो तो १७ मे २०२१, सोमवार. तौक्ते वादळ. आम्ही वसईचे, आमची केळीची वाडी समुद्राच्या अंगाला, म्हणजे वारा आला की पहिला आमच्याकडे.

खरं तर ते वादळ आपल्याकडे किनाऱ्यावर चढलंच नाही, समुद्रातूनच वर गुजरातकडे गेलं, पण नुसतं बाजूने गेलं तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा मोजला गेला आणि सांताक्रूझला दिवसात २३० मिलिमीटर पाऊस, तोही मे महिन्यात!

आमच्याकडे सकाळीच लाइट गेली, मग नेटवर्क. कोविडमुळे देवळं, म्हणजे आमची चर्च, बंद, मिस्सा, म्हणजे तिथली उपासना, मोबाइलवर बघायचो, आता तेही नाही. आजीने क्रूसामागे खोचलेली झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे) वाळकी झावळी काढली, तिचा तुकडा निखाऱ्यावर टाकला, आणि जपमाळ घेऊन बसली. मी खिडकीशी.

नारळ पाहिले मी तेव्हा. सगळ्या झावळ्या एका बाजूला, केस मागे ओढल्यासारख्या, खोड वाकतंय, पुन्हा सरळ होतंय, पुन्हा वाकतंय. केळीला ते जमत नाही, तिचं खोड म्हणजे लाकूड नाहीच ना, एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ आणि आत पाणीच पाणी, ती घडासकट आडवी होते. काच पुसायला गेलो, बोट ओठाला लागलं तर खारट. समुद्र आमच्या खिडकीवर आला होता! भीती वाटत होती, हो, खूप, पण तिथून हलवत नव्हतं. इतकं मोठं काहीतरी चाललंय आणि त्याला माझी परवानगी नको, माझी मदत नको, हे इतकं स्पष्ट मला आधी कधी जाणवलंच नव्हतं.

पण त्याच संध्याकाळी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ २६१ माणसं असलेला एक बार्ज, म्हणजे सपाट तळाचं मोठं जहाज, बुडाला. त्यातली ७० हून जास्त वाचली नाहीत. हे कळल्यावर मला माझ्या त्या खिडकीची लाज वाटली, अजूनही वादळाला सुंदर म्हणताना जीभ अडखळते.

मग मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला, येशू आणि शिष्य वादळात सापडतात तो. गालील समुद्र म्हणजे खरं तर एक सरोवर, समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरहून खाली, भोवती डोंगर, वारा वरून अचानक उतरतो. नाव पाण्याने भरत चाललीय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ही उशी एकट्या मार्कने लिहिलीय बरं का, हीच गोष्ट सांगणाऱ्या मत्तय आणि लूककडे ती नाही. मला ती उशी फार जवळची वाटते. दिवसभर लोकांना शिकवून दमलेला माणूस, डोकं टेकलंय, भिजतोय, त्याच नावेत आहे. लांब किनाऱ्यावरून बघत नाहीये. शिष्य त्याला उठवून जे विचारतात तेही किती आपल्यासारखं, आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? त्या बार्जवरही हे कुणीतरी ओरडलं असेल, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि मी बनवूनही सांगणार नाही.

पण पुढचं वाचा. येशू वाऱ्याला दटावतो, वारा पडतो, पाणी शांत होतं, आणि त्यानंतर, मंडळी, त्यानंतर शिष्य जास्त घाबरतात. वारा आणि समुद्रसुद्धा याचं ऐकतात, हा आहे तरी कोण? हीच ती भीती, खिडकीशी मला धरून ठेवणारी. माझी श्रद्धा तिथून सुरू होते, दिलासा नंतर येतो, कधीकधी बराच उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो तर निम्मी केळी जमिनीवर. आजी माझ्या आधी पोचलेली, साडी खोचून, चिखलात उभी, पडलेल्या केळीचे हिरवे घड कोयत्याने कापून एका बाजूला लावत होती, आणि तोंडात कालचंच, नमो मरिया, नमो मरिया. मला बघून म्हणाली, उभा काय राहिलास, टोपली आण.